पायरी कुठे गेली?

एसटीच्या लाल गाडीत चढायचं तर आधी हात वर जातो, मग पाय. दाराजवळचा दांडा धरायचा, एक पाय पहिल्या पायरीवर टाकायचा आणि उरलेलं अंग वर ओढायचं. नऊवारी नेसलेली आजी असेल तर मागचं कोणीतरी पिशवी घेतं, पुढचं कोणीतरी हात देतं. घरातल्या जिन्याची पायरी पंधरा-सोळा सेंटिमीटरची. गाडीची पहिली पायरीच तिच्या दुपटीहून उंच, आणि आतला मजला जमिनीपासून साधारण मीटरभर वर. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. बस उंचच असायची, हे आपण लहानपणी शिकलो, आणि गुडघे दुखायला लागेपर्यंत तो धडा कोणी पुन्हा तपासत नाही.

मजला एवढा उंच ठेवण्यामागे कोणाचा दुष्टावा नव्हता. बस ही ट्रकची सख्खी बहीण. दोन लांब पोलादी तुळया, त्यांच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट, मागच्या आसाच्या मध्ये डिफरन्शियलचा गोळा, आणि या सगळ्याच्या वर पत्रा टाकून माणसं बसवायची. मोठ्या बसचं चाक जवळजवळ मीटरभर व्यासाचं, म्हणजे आस जमिनीपासून अर्धा मीटर वर आलाच. त्यावर गोळ्याची जाडी, त्यावर स्प्रिंग खालीवर होण्यापुरती मोकळी जागा. एवढं जमवून झाल्यावर माणसाच्या वाट्याला येते ती जागा मीटरभर उंचीवरची. यंत्र खाली, माणूस वर, आणि मधला फरक भरून काढायला पायऱ्या.

या प्रकरणातली बस हा क्रम उलटा करते. तिचा मजला दरवाजाशी रस्त्यापासून सुमारे ३२ ते ३७ सेंटिमीटरवर असतो, लांबी १८ मीटर असते आणि पोटात एक सांधा असतो. जर्मन लोक तिला ‘गेलेंकबुस’ म्हणतात. गेलेंक म्हणजे सांधा. लंडनमध्ये ती ‘बेंडी बस’ झाली. भारतात अशा लांब गाड्यांना ‘वेस्टिब्यूल’ हे नाव पडलं, ते रेल्वेच्या दोन डब्यांमधल्या हलत्या बोळावरून. हंगेरियन नाव मात्र मला सगळ्यांत नेमकं वाटतं: ‘चुक्लोश’. चुक्लो म्हणजे मनगट. कोपर एकाच दिशेने वाकतं. मनगट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे जातं. आपण तिला जोडबस म्हणू.

आधी लांबीचं बघू, कारण कालक्रमानेही सांधा आधी आला आणि जमीन नंतर खाली आली.

बस लांब करण्याचं कारण सरळ आहे. एका ड्रायव्हरच्या पगारात जास्त माणसं नेता येतात. बारा मीटरच्या बसमध्ये दाटीवाटीने ऐंशी-नव्वद माणसं मावत असतील, तर अठरा मीटरच्या बसमध्ये एकशेचाळीसच्या आसपास मावतात. पण अठरा मीटरची सरळसोट गाडी शहरातल्या चौकात वळणार कशी? लांब शिडी खांद्यावर घेऊन बोळात वळणारा रंगारी आठवा. युरोपातला नियम असा आहे की बसने २५ मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरून दाखवलं पाहिजे, आणि फिरताना आतल्या बाजूने १०.६ मीटर व्यासाच्या वर्तुळाला शिवता कामा नये. बारा मीटरच्या बसला जे वर्तुळ तेच अठरा मीटरच्या जोडबसलाही, आणि ती या परीक्षेत पास होते. मागचा डबा पुढच्याच्या मागोमाग, जवळजवळ त्याच वाटेने येतो.

दुसरा मार्ग उंचीचा होता. मुंबईकरांचा जीव डबलडेकरवर. १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर निघाली तेव्हा लोकांनी तिला फुलं वाहिली. डबलडेकर रस्त्यावर जागा कमी खाते हे खरं. पण तिच्या पोटात एक अख्खा जिना असतो, आणि त्या जिन्यावरून उतरणारा माणूस खाली पोचेपर्यंत बसला थांबावं लागतं. जवळजवळचे थांबे आणि प्रत्येक थांब्यावर चढउतार असेल तर हा जिना महागात पडतो. आपली गोष्ट पायऱ्या काढण्याची असल्याने डबलडेकरला इथेच निरोप देऊ.

जोडबस जगभर पोचवण्याचं श्रेय कोणा एकाला द्यायचं तर ते बुडापेस्टच्या इकारुस कारखान्याला द्यावं लागेल. १९६० च्या दशकात त्यांनी ‘इकारुस १८०’ काढली आणि १९७३ पासून ‘इकारुस २८०’. साडेसोळा मीटरची ही गाडी सोव्हिएत संघापासून पूर्व जर्मनी आणि पोलंडपर्यंत गेली. तिचं एक भावंड अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या रस्त्यांवरही धावलं. या एका मॉडेलच्या साठ हजारांच्या आसपास गाड्या बनल्या. जोडबसच्या दुनियेत असा आकडा दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही.

तिची रचना साधी होती. इंजिन पुढच्या डब्यात मजल्याखाली आडवं झोपवलेलं, त्याची ताकद मधल्या आसाला, आणि मागचा डबा नुसता ओढला जायचा. बैलगाडीचंच तत्त्व: बैल पुढे, ओझं मागे. ओढलेली वस्तू आपोआप सरळ येते, त्यामुळे सांध्यावर फारसा ताण नाही. सांधा म्हणजे मजल्यात बसवलेली एक मोठी गोल थाळी, खाली भल्यामोठ्या बेअरिंगचं कडं. थाळीवर उभ्या माणसाला वळणावर पायाखालची जमीन हळूच फिरल्यासारखी वाटते. थाळीभोवती रबराचा थर दिलेल्या कापडाच्या घड्या, अगदी पेटीच्या भात्यासारख्या: वळणाच्या बाहेरच्या अंगाला भाता उघडतो, आतल्या अंगाला मिटतो. पोरांना नेमकी तिथेच उभं राहायची हौस असते आणि म्हाताऱ्या माणसांना नेमकी तिथली जागा नको असते.

या रचनेत खोट एकच होती. इंजिन मजल्याखाली, म्हणून मजला वर. इकारुसमध्ये चढणं म्हणजे जिना चढणंच.

१९७० च्या दशकात जर्मनीत वेगळा विचार सुरू झाला. तिथल्या नेहमीच्या बसमध्ये इंजिन शेपटीकडे असायचं. जोडबसमध्येही ते तिथेच ठेवलं तर बरेच सुटे भाग दोन्ही गाड्यांना तेच चालतील, गॅरेजातल्या लोकांना नवं काही शिकावं लागणार नाही, आणि मजल्याखालची जागाही मोकळी होईल. पण मग ताकद सगळ्यांत मागच्या आसाला मिळणार, आणि मागचा डबा पुढच्याला ढकलणार. बैल गाडीच्या मागे! ओढलेली दोरी सरळ होते. ढकललेली दोरी गोळा होते. ओल्या रस्त्यावर वळताना मागून रेटा आला आणि पुढची चाकं घसरली, तर गाडी मधोमध अडकित्त्यासारखी मिटण्याची भीती.

हॅम्बुर्ग शहराच्या वाहतूक कंपनीचं फाल्केनरीड नावाचं एक वर्कशॉप होतं. ढकलणाऱ्या जोडबसचा सांधा तिथे घडवला गेला, आणि मर्सिडीजने आपल्या ‘ओ ३०५ जी’ या गाडीत त्याच पद्धतीचा सांधा वापरला. युक्ती अशी: सांध्याच्या दोन्ही अंगांना तेलाचे दट्टे बसवायचे. ड्रायव्हरने स्टिअरिंग किती वळवलं आहे आणि सांधा किती वाकला आहे याची तुलना सतत चालू ठेवायची. स्टिअरिंग सांगतं त्याहून सांधा जास्त वाकू लागला की दट्ट्यांतल्या तेलाची वाट आवळायची. सांधा ताठ होतो, गाडी मिटत नाही. म्हणजे या बसचं मनगट हाडाने धरलेलं नाही, स्नायूने धरलेलं आहे. तरीही रिव्हर्स घेणं हा जोडबसच्या ड्रायव्हरचा छळच. मागे घेताना डबा भलतीकडे पळतो, आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या आरशात आपलीच गाडी दिसेनाशी होते.

इंजिन शेपटीकडे गेल्यावर एक गोष्ट झाली जिची किंमत पुढे दहा-पंधरा वर्षांनी कळली. पहिल्या दरवाजापासून जवळजवळ शेवटच्या चाकांपर्यंत मजल्याखाली अडवणारं मोठं यंत्रच उरलं नाही. मजला खाली घ्यायचा ठरलं तर बारा-तेरा मीटर लांबीची सपाट जमीन मिळू शकत होती.

तो खाली घ्यायला लावलं ते मात्र इंजिनिअरांनी नव्हे.

५ जुलै १९७८. अमेरिकेतलं डेन्व्हर शहर, कोलफॅक्स आणि ब्रॉडवे या दोन हमरस्त्यांचा चौक. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या १९ जणांनी आपल्या चाकाच्या खुर्च्या बससमोर आणल्या आणि बस अडवून धरली. रात्र रस्त्यावरच काढली. मागणी एवढीच की आम्हालाही बसमध्ये चढू द्या. याच चळवळीचं फळ म्हणजे अमेरिकेचा १९९० चा अपंगांविषयीचा कायदा. सुरुवातीला या मागणीवर उत्तर निघालं ते लिफ्टचं. पायऱ्या तशाच ठेवायच्या आणि खुर्ची उचलणारी यंत्रं दाराला जोडायची. लिफ्ट हळू चालायची, अडकायची, आणि ती वर जात असताना सगळी बस त्या एका माणसाकडे बघत बसायची. ही सोय होती, पण तिच्यात उपकाराचा वास होता. पायऱ्याच नसल्या तर लिफ्ट लागतेच कशाला?

लो-फ्लोअर, म्हणजे खाली मजला असलेली बस नियोप्लान या जर्मन कंपनीने १९७० च्या दशकातच करून पाहिली होती. खरी लाट आली १९८० चं दशक संपता संपता. एमएएन आणि मर्सिडीज या कंपन्यांनी आपापल्या लो-फ्लोअर शहरी बस बाजारात आणल्या, आणि थोड्याच वर्षांत अठरा मीटरची लो-फ्लोअर जोडबसही आली. उत्तर अमेरिकेत ही कल्पना नेली कॅनडातल्या विनिपेगच्या न्यू फ्लायर कंपनीने. ती कंपनी १९८६ मध्ये एका डच बस उत्पादकाने विकत घेतली होती. हॉलंडमधलं वारं त्याने थेट प्रेअरीत सोडलं.

आता मुख्य प्रश्न. आस अर्धा मीटर उंचीवर आणि मजला त्याच्याही खाली, हे जमलं कसं?

पुढचा आस सोपा. त्याला ताकद पोचवायची नसते, म्हणून तो मधोमध खाली वाकवला, कावडीच्या दांडीसारखा, की माणूस त्याच्यावरून सपाट चालत जातो. अवघड असतो तो ताकदीचा आस. तिथे ‘पोर्टल आस’ नावाची हिकमत वापरली. डिफरन्शियलचा गोळा मधून काढून एका बाजूला सरकवला, आसाची नळी चाकाच्या केंद्रापेक्षा खाली उतरवली, आणि चाकाजवळ दातेरी चक्रांची एक जोडी बसवून ताकद पुन्हा वर चाकाच्या केंद्राशी नेली. म्हणजे ताकदही माणसासारखीच आधी खाली उतरते आणि चाकाशी येऊन एक पायरी चढते. पायरी नाहीशी झाली नाही, आसात जाऊन लपली. जर्मनीच्या झेडएफ कंपनीने असे आस बनवण्यात नाव कमावलं.

बाकीचं सामान मिळेल तिथे कोंबलं. एअर कंडिशनर टपावर. सीएनजीची नळकांडी टपावर. इंजिन मागच्या कोपऱ्यात, कपाटात उभं केल्यासारखं. बेल्जियमच्या व्हॅन हूल कंपनीने तर ते पुढच्या डब्यातच एका भिंतीला टेकवून उभं केलं आणि जुनी ओढण्याची पद्धत लो-फ्लोअरमध्येही टिकवली. त्यांची ‘एजी ३००’ ही बैल पुढे ठेवणारी लो-फ्लोअर गाडी. चाकं मात्र कुठेच लपवता येत नाहीत. ती मजल्यातून वर येतात, त्यांच्यावर पेट्या बसतात, आणि पेट्यांवर उंच खुर्च्या, ज्यांवर चढायला पुन्हा एक पायरी. लो-फ्लोअर बसमध्ये बसायला सोयीच्या जागा कमी असतात ही तक्रार खरी आहे, आणि तिचं कारण ही चाकं.

एवढं करूनही ३२ सेंटिमीटर उरतातच. म्हणून बसला गुडघे टेकायला शिकवलं. स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या असतात. थांब्यावर दरवाजाच्या बाजूच्या पिशव्यांतली थोडी हवा सोडली की बस सहा-सात सेंटिमीटर झुकते. उंट बसतो तशी नाही, ओळखीचं कोणी दिसल्यावर माणूस किंचित वाकतो तशी. राहिलं पाव मीटर. ते बस एकटीने भरून काढू शकत नाही.

इथे कासेल हे शहर येतं. मध्य जर्मनीतलं, फार मोठं नाही. सांध्यावरचे भाते आणि सांधे बनवणारी ह्युबनर कंपनी याच गावची. जगात कुठेही जोडबसमध्ये किंवा मेट्रोच्या दोन डब्यांच्या मध्ये उभे असाल तर तिने बनवलेल्या भात्यात असण्याची शक्यता बरीच. याच शहराने १९९० च्या दशकात दुसरी एक वस्तू जगाला दिली, जिच्यात एकही हलता भाग नाही. ती म्हणजे थांब्यावरच्या फूटपाथची कड. ‘कासेलची कड’ या नावानेच ती ओळखली जाते.

नेहमीची कड उभी आणि टोकदार असते. ड्रायव्हरला टायर घासण्याची भीती, म्हणून तो हातभर लांब थांबतो. कासेलची कड खालून आत वळलेली, गुळगुळीत, जरा घसरत्या बाकासारखी. टायर तिच्यावर किंचित चढतो आणि स्वतःच्याच वजनाने सरळ होऊन तिच्या लगत चालू लागतो. ड्रायव्हर न घाबरता कडेला चिकटून थांबू शकतो. कडेची उंची साधारण १८ सेंटिमीटर, काही ठिकाणी त्याहून जास्त. आता वजाबाकी करा: झुकलेल्या बसचा मजला २५ वर, फूटपाथ १८ वर. उरले सात सेंटिमीटर, आणि बाजूची फट जेमतेम चार-पाच बोटांची. बाबागाडी, चाकाची खुर्ची, चाकांची बॅग, काठी टेकत आलेले आजोबा, सगळे सारख्याच सहजतेने आत जातात. कोणी कोणावर उपकार करत नाही.

लो-फ्लोअर बसवरच्या बहुतेक लिखाणात आस, इंजिन आणि बॅटरी यांचं कौतुक असतं. माझ्या मते या सगळ्या शोधांत सर्वांत हुशार शोध हा काँक्रीटचा ठोकळा आहे. कारखान्यातून येते ती अर्धीच लो-फ्लोअर बस. उरलेली अर्धी रस्त्यात ओतावी लागते.

जोडबसच्या लांबीचंही तसंच आहे. तिची उरलेली अर्धी तिकिटात असते. जरा हिशेब मांडू. एका गजबजलेल्या थांब्यावर साठ माणसं चढली-उतरली असं धरू. एकच दरवाजा, पायऱ्या, प्रत्येकाला चार सेकंद: झाली चार मिनिटं. तेच तीन रुंद दरवाजे, प्रत्येकातून दोन जण जोडीने, पायरी नाही म्हणून दोन सेकंद: वीस सेकंद. वाटेत असे दहा थांबे असले तर अर्ध्या तासाहून जास्त वेळ वाचला, आणि बसचा वेग रस्त्यावर एक किलोमीटरनेही वाढवावा लागला नाही. पण यासाठी तिन्ही दरवाजांतून एकदम आत जाता आलं पाहिजे, म्हणजे तिकीट आत जायच्या आधीच हातात हवं, आणि ते नंतर कधीतरी तपासणारं कोणी हवं. अठरा मीटरच्या खचाखच गाडीत ‘पुढे सरका, पुढे सरका’ करत एक कंडक्टर या टोकापासून त्या टोकाला पोचेपर्यंत निम्मे लोक उतरून गेलेले असतात.

हे अर्धवट राहिलं की काय होतं, ते लंडनने दाखवलं. २००२ मध्ये तिथे मर्सिडीज सिटारोच्या जोडबस आल्या आणि हळूहळू बारा मार्गांवर पसरल्या. मागे उघडी ओटी असलेल्या जुन्या लाल रूटमास्टर बसच्या जागी त्या काही मार्गांवर आल्या हाच त्यांचा पहिला गुन्हा. रूटमास्टर लंडनकरांची लाडकी. पण तिच्यात चाकाची खुर्ची घेऊन कोणाला चढता येत नव्हतं, हे लाड करणाऱ्यांच्या ध्यानात नव्हतं. ९ डिसेंबर २००५ ला रूटमास्टर नेहमीच्या सेवेतून गेली. जोडबसच्या तिन्ही दरवाजांतून कोणीही चढायचं, आणि तपासणारे कमी. फुकट्यांची चंगळ झाली. लोक तिला फुकटची बस म्हणू लागले. सुरुवातीच्या दोन वर्षांत काही गाड्यांना आग लागली आणि ताफा दुरुस्तीसाठी थांबवावा लागला, तेव्हा नाव पडलं ‘चॅरियट ऑफ फायर’. आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द होता, पण ‘आगगाडी’ ही पदवी आधीच दुसऱ्या गाडीने अडवून ठेवलेली.

२००८ च्या महापौर निवडणुकीत बोरिस जॉन्सन यांनी जोडबस हटवण्याचं वचन दिलं, निवडून आले आणि वचन पाळलं. शेवटची जोडबस २०७ क्रमांकाच्या मार्गावरून ९ डिसेंबर २०११ च्या रात्री गेली. रूटमास्टर गेली त्या तारखेला बरोबर सहा वर्षांनी. तिच्या जागी थॉमस हेदरविक यांनी घडवलेली देखणी नवी रूटमास्टर आली. गंमत पुढे आहे. या नव्या डबलडेकरलाही तीन दरवाजे होते, आणि तिन्हींतून चढायची मुभा होती. २०२० मध्ये तीही मुभा काढून घेतली, कारण तिच्यातही लोक फुकट जात होते. म्हणजे दोष सांध्याचा नव्हता. पण निवडणुकीच्या सभेत तिकीट तपासनीसांची संख्या वाढवण्याचं वचन देऊन टाळ्या मिळत नाहीत.

लंडनने टाकलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच माल्टाला गेल्या. भूमध्य समुद्रातलं हे चिमुकलं बेट, अरुंद वळणाचे रस्ते, कडक ऊन. तिथे २०११ मध्ये या गाड्या सुरू झाल्या आणि ऑगस्ट २०१३ मध्ये लागोपाठ लागलेल्या आगींनंतर रस्त्यावरून हटवल्या गेल्या. बस विकत घेता येते, रस्ता विकत घेता येत नाही.

हाच प्रश्न उलट्या टोकाकडून सोडवणारं शहर म्हणजे ब्राझीलचं कुरितिबा. तिथले तेव्हाचे महापौर जाइमे लर्नर पेशाने वास्तुरचनाकार. त्यांनी बस खाली आणण्याच्या भानगडीत न पडता माणूस वर नेला. १९९१ मध्ये काचेच्या नळीसारखे थांबे उभे केले. प्रवासी त्यात शिरताना तिकीट देतो आणि बसच्या मजल्याएवढ्या उंचीवर उभा राहतो. बस आली की तिच्या दारातून एक फळी खाली पडते आणि मधली फट बुजते. पुढच्याच वर्षी तिथे दोन सांध्यांची, २५ मीटर लांबीची बस आली, २७० माणसांची. पोर्टल आस नको, गुडघे टेकणं नको, साधी दणकट गाडी चालते. आपल्याकडे अहमदाबादच्या जनमार्गाने २००९ मध्ये याच वाटेने जाऊन रस्त्याच्या मधोमध उंच थांबे बांधले. पण अशी बस त्या थांब्यांची बांधलेली असते. ती गल्लीत शिरली की पुन्हा उंचच.

विजेवरच्या गाड्यांनी सांध्याचं जुनं दुखणं बरंच हलकं केलं आहे. मोटर छोटी असते, ती थेट चाकाशी बसवता येते, आणि एकाच्या जागी दोन आसांना ताकद देता येते. मर्सिडीजच्या विजेवरच्या जोडबसमध्ये मधला आणि मागचा असे दोन्ही आस चालवण्याची सोय मिळते. बैल पुढेही आणि मागेही. बॅटऱ्या बहुतेक टपावर. जिनिव्हात २०१७ पासून २३ क्रमांकाच्या मार्गावर हेस या स्विस कंपनीच्या जोडबस धावतात. त्या थांब्यावर उभ्या असताना वरून एक हात येऊन टपाला भिडतो आणि पंधरा-वीस सेकंदांत ६०० किलोवॉटने चार्जिंगचा घोट देतो. माणसं चढेपर्यंत बसचंही पाणी पिऊन होतं.

आपल्याकडे जोडबस आली ती जमीन खाली येण्याआधी. मुंबई, बेंगळुरू, चेन्नई, तिरुवनंतपुरम या शहरांनी वेस्टिब्यूल बस चालवल्या. त्या लांब होत्या, पण पायऱ्यांसकट. गर्दी जास्त न्यायची, पण जुन्याच रस्त्यांतून, जुन्याच थांब्यांवर, तिकीट आतच. त्या टिकल्या नाहीत यात आश्चर्य नाही. लो-फ्लोअर आली ती वेगळ्या वाटेने आणि सांध्याशिवाय. २००६ मध्ये बेंगळुरूत व्होल्वोच्या शहरी बस सुरू झाल्या, पुढे नवी मुंबईनेही घेतल्या. २००८ मध्ये केंद्र सरकारने शहरी बसचे निकष ठरवले, त्यात मजल्याच्या तीन उंच्या आल्या: ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर. दिल्लीच्या हिरव्या-लाल बस त्यांतल्या ४०० वाल्या होत्या. खड्डे, बेसुमार उंच गतिरोधक आणि पावसात तुंबणारं पाणी यांमुळे ४०० आपल्याला झेपत नाही, असं बस चालवणारे सांगतात. ते खोटं बोलत नाहीत. पण गतिरोधकाची उंची आकाशातून पडत नाही. तीही कोणीतरी ठरवतं, किंवा ठरवतच नाही.

आमच्या थांब्यावर मी हे रोज बघतो. ४०० मिलिमीटरची चांगली बस येते. थांब्यापुढे दोन रिक्षा, एक टेम्पो आणि वडापावची गाडी, म्हणून बस रस्त्याच्या मध्येच उभी राहते. माणसं फूटपाथवरून रस्त्यावर उतरतात, म्हणजे एक पायरी खाली. मग धावत जाऊन चाळीस सेंटिमीटर चढतात, म्हणजे एक पायरी वर, आणि तीही दांडा धरून. रॅम्प मजल्यात घडी घालून ठेवलेला असतो. तो उघडलेला मी एकदाच पाहिला, झाडताना.

पुढच्या वेळी लो-फ्लोअर बस तुमच्यापुढे थांबली की चढण्याआधी क्षणभर खाली बघा. फूटपाथची कड आणि बसचं दार यांच्यात किती वीत अंतर आहे ते मोजा, आणि मध्ये कोणाची गाडी उभी आहे तेही. मग बसच्या कंपनीला नव्हे, आपल्या वॉर्ड ऑफिसला एक अर्ज लिहा.